केबिन गळायलीय? ट्यूब आणायच्या आधी पाण्याची वाट शोधा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की सगळ्याच पेपरात गाडीची काळजी कशी घ्यावी ह्याचे लेख येतात, वायपर बदला, टायर बघा, हेडलाईट पुसा, चांगलंच असतंय ते. पण ते सगळं कार डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं असतंय, आणि आपल्या मराठवाड्यात ज्या गाडीवर कितीतरी घरं चालतात ती म्हणजे जुनी पिकअप, दहा-पंधरा वर्षं पळालेली, कधी दुधाचे कॅन कधी भाजीचे कॅरेट कधी खताच्या गोण्या वाहिलेली, तिच्याबद्दल चार ओळी कुठं दिसत नाहीत. म्हणून मीच लिहायलोय. विषय एकच घेतो, पावसाचं पाणी केबिनमध्ये येणं. पत्र लांबणार आहे, पण जमलं तर न कापता छापा ही विनंती, कारण ह्यातलं अर्धं सांगून उपयोग होत नाही.

ऐकायला बारका विषय वाटंल, की बाबा चार थेंब आले तर खाली फडकं टाका. पण ज्याला रात्री दोनला मेथी-कोथिंबीर भरून सकाळच्या लिलावाला लातूरला नाहीतर संभाजीनगरला पोचायचंय त्याला विचारा. ओली चप्पल ब्रेकच्या पायडलवरून घसरती. केबिनमधल्या ओलीमुळं समोरची काच आतून धुकट होती, जुन्या गाडीला ब्लोअर असला तर असतो नाहीतर नसतो, मग एका हातात स्टेरिंग आणि एका हातात फडकं, समोरून ऊसाचा ट्रॅक्टर येतोय का ट्रक येतोय ते जवळ आल्यावर कळतं. डॅशबोर्डखाली फ्यूज बॉक्स असतो, त्यात पाणी गेलं की वायपर बंद, लाईट बंद, हॉर्न आपोआप वाजायलाय, काहीबी होतं, आणि ते बरोबर जोराच्या पावसातच होतं कारण पाणी तेव्हाच येतंय. आणि जे दिसत नाही ते सगळ्यात वाईट. मॅटखाली जो फोम किंवा नमदा असतो तो पाणी धरून ठेवतो, वरून मॅट पुसली की कोरडी दिसती पण खाली दिवाळीपर्यंत ओल राहती आणि पत्रा आतून खात जातो. सीटचे बोल्ट ह्याच पत्र्याला आवळलेले असतात हे ध्यानात घ्या.

आपल्याकडं पाऊस कमी ही मराठवाड्याची ओळखच झालीय. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे अख्ख्या देशानं बघितलं. त्यामुळं गाडीच्या रबराकडं वर्षभर कुणाचं लक्ष जात नाही. पण खरं सांगायचं तर केबिन गळायला पाऊस नाही, ऊन कारण असतंय. एप्रिल-मे मध्ये ४२-४३ डिग्रीत गाडी दिवसभर उघड्यावर उभी, पत्र्याला हात लावला तर चटका बसतो, त्या उन्हात समोरच्या काचेचं रबर आणि दरवाजाची बिडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, वाळती, कडक होती, आखडती आणि कोपऱ्यात चिरती. दुसरं म्हणजे धूळ. सोयाबीनचं भुसकट, ऊसाचं पाचट, जिनिंगवरच्या कापसाचा भुगा, सगळं समोरच्या काचेखालच्या जाळीत जाऊन बसतं. आणि सावली पाहिजे म्हणून गाडी लावतो कुठं तर लिंबाखाली, मग लिंबाचा पाला, काड्या, वाळलेल्या लिंबोळ्या ह्या वायपरखालच्या जाळीतून आत पडत राहतात. म्हणजे आठ महिने उन्हानं रबर खराब करायचं आणि धुळीनं वाटा बुजवायच्या, आणि मग मृगाची पहिली सर आली की म्हणायचं गाडी गळायली. त्यात आता पावसाचा ढंगबी बदललाय, महिनाभराचं पाणी दोन दिवसात पडतंय, २०२१ च्या सप्टेंबरात बघितलं, २०२५ च्या सप्टेंबरात तर त्याहून वाईट बघितलं. अशा पावसात जी गाडी एरवी थेंबभर गळती तिच्यात पायाखाली डबकं होतं.

आता मुद्द्याचं. माझं म्हणणं असंय की जुन्या पिकअपच्या गळतीत भोक बुजवायचं काम कमी असतं आणि तुंबलेली वाट मोकळी करायचं काम जास्त असतं, आणि आपण सगळे बरोबर उलटं करायलोत. पाणी दिसलं की पहिलं काम काय, दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणायची आणि काचेच्या चहूबाजूनं फासायची, दुसऱ्या वर्षी परत त्याच्यावर दुसरा थर. आमच्या ओळखीच्या एका भाजीवाल्या गाडीवर असे थर चढत गेले, बाहेरून काच म्हणजे प्लास्टर केल्यासारखी दिसायली, आणि पाणी तसंच यायलं. शेवटी एका म्हाताऱ्या डेंटरनं बॉनेट उघडून वायपरखालचा पत्र्याचा कप्पा दाखवला, त्यात मातीसकट लिंबाचा पाला कुजून गच्च झालेला. तो ओंजळीनं काढला, खालचं नळकांडं तारेनं मोकळं केलं आणि गळती थांबली. काचेतून एक थेंब येत नव्हता कधी.

हे असं का होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे. गाडी बनवणाऱ्यानं सगळीकडून पाणी बंद केलेलं नसतं, काही ठिकाणी पाणी शिरणारच हे धरून त्याला बाहेर जायची वाट ठेवलेली असती. काचेवरचं सगळं पाणी वाहत खाली जाळीत जातं, तिथं आडवा कप्पा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना निचऱ्याची भोकं असतात आणि तिथून पाणी चाकाच्या मागं खाली पडतं. केबिनमध्ये हवा घ्यायचं तोंड बऱ्याच गाड्यांत ह्याच कप्प्यात असतं. निचरा तुंबला की कप्पा भरतो, पाणी त्या तोंडाच्या वर चढतं आणि ब्लोअरच्या वाटेनं सरळ पायात. म्हणून क्लीनरच्या बाजूला पाय ओले होत असतील आणि काचेच्या कडेला कुठंच ओल नसंल तर पहिला संशय ह्या कप्प्यावर घ्यायचा. एक सोपी परीक्षा आहे, मगभर पाणी जाळीत ओता आणि खाली वाकून चाकामागं बघा, लगेच धार पडली तर वाट चालू, थांबून थांबून ठिबकलं तर तुंबलेली.

ज्यांचं लहानपण माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात गेलंय त्यांना हे लगेच पटंल, पाणी पडतंय एका खणात आणि चीर असती दुसऱ्याच खणावर, आणि पन्हाळ तुंबलं तर चांगलं माळवदसुद्धा गळतं. केबिनच्या पत्र्याचं तसंच आहे. पाणी छताच्या सांध्यातून आत येतं, आतल्या कापडाच्या मागून खांबातून उतरतं आणि थेंब पडतो पायडलपाशी. थेंब जिथं पडला तिथं सील लावून काही होत नाही, म्हणून शोधायचं काम शांतपणानं करावं लागतं.

शोधायची पद्धत सांगतो, पैसे काही लागत नाहीत, दोन माणसं आणि एक नळी लागती. आधी केबिन रिकामी करा, मॅट, फोम, सीट निघत असंल तर सीट, सगळं बाहेर उन्हात टाका, आतला पत्रा फडक्यानं कोरडा करा आणि खाली जुने पेपर अंथरा, पेपरवर थेंब पडला की लगेच डाग दिसतो. एका माणसानं बॅटरी घेऊन आत बसायचं, दरवाजे काचा बंद. दुसऱ्यानं बाहेरून बागेला पाणी देतो तसं हळू पाणी सोडायचं, आणि सुरुवात खालून करायची, आधी दरवाजाच्या खालच्या कडा, मग जाळी, मग काचेची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, सगळ्यात शेवटी छत. एका जागी पाच मिनिटं तरी थांबायचं. घाई करून वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडं पसरतं आणि कुठून आलं ते कळतच नाही. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं तर ही परीक्षा करूच नका, त्या जोरात चांगल्या रबरातूनसुद्धा पाणी घुसतं. गाडी सपाटीला नाही गळली तर पुढून उतारावर लावून बघा, मग मागून, कारण कितीतरी गाड्या उभ्या असताना कोरड्या असतात आणि ब्रेक दाबला की छतात साठलेलं पाणी पुढं येऊन मांडीवर पडतं. रात्री अजून एक करता येतं, आत जोराची बॅटरी लावायची आणि बाहेरून बघायचं, दरवाजाच्या फटीतून उजेड दिसला तिथून पाणी येणारच.

आणि हो, खाली ओलं झालेलं पाणी खरंच पावसाचं आहे का हेबी बघा. गोडसर वास, हाताला चिकट आणि हिरवा-गुलाबी रंग असंल तर ते रेडिएटरचं कुलंट, हीटरच्या पाईपातून आलेलं. एसीवाली गाडी असंल आणि उन्हाळ्यातसुद्धा ओलं होत असंल तर एसीचं पाणी बाहेर काढणारी नळी तुंबलेली. ही दोन्ही कामं वेगळीच.

दरवाजाबद्दल जरा जास्त लिहितो कारण इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहे. खिडकीची काच वर-खाली होती त्या फटीतून पावसाचं पाणी दरवाजाच्या पोटात जातंच, नव्या गाडीतसुद्धा जातं. त्यासाठी दरवाजाच्या खालच्या कडेला बारकी भोकं ठेवलेली असतात, पाणी तिथून बाहेर. आणि आतल्या पॅनलच्या मागं एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो पाणी केबिनकडं येऊ देत नाही, परत खाली दरवाजाच्या पोटात सोडतो. आता होतं काय, काच चढवायची मशीन बिघडली नाहीतर स्पीकर बसवायचाय म्हणून पॅनल काढतात, तो कागद टराटरा फाडतात आणि परत लावतच नाहीत, लावला तरी नुसता अडकवतात. तिथून पुढं प्रत्येक पावसात पॅनलच्या खालून पाणी केबिनमध्ये. आणि मग कुणीतरी शहाणपणानं दरवाजाच्या खालची भोकं बुजवतो, की इथून पाणी यायलंय. मग दरवाजा डबक्यासारखा भरतो, वळणावर आत पाणी खळखळतं, आणि दोन-तीन पावसाळ्यात खालची कड हातानं मोडावी इतकी कुजती. गावोगाव ज्या गाड्यांच्या दरवाजाला खाली चौकोनी पत्रे वेल्डिंग केलेले दिसतात त्यातल्या पुष्कळ ह्याच कारणानं कुजलेल्या असतात. उपाय काय तर भोकं खिळ्यानं मोकळी करा, आतला चिखल पाण्यानं धुऊन काढा, आणि पॅनलमागं जाड प्लास्टिक कापून ब्युटाईलच्या चिकट पट्टीनं चारी बाजूनं लावा, त्याची खालची कड दरवाजाच्या पोटात जाईल अशी. खताच्या गोणीच्या आतलं जाड प्लास्टिक स्वच्छ धुऊन वापरलं तरी चालतं. फेविकॉल तिथं लावू नका, पाण्यानं सुटतो.

बिडिंग बदलायच्या आधी बिजागऱ्या बघा. माल भरायला चढताना सगळे दरवाजाला लोंबकळूनच चढतात, वर्षानुवर्षं. त्यानं बिजागरीची पिन झिजती, दरवाजा खाली उतरतो, आणि मग वरच्या कोपऱ्यात बिडिंग दबतच नाही, तुम्ही कितीबी महागाची नवी टाका. दरवाजात कागदाची पट्टी धरून बंद करा आणि ओढा, दाटून आली तर ठीक, सरकन निघाली तर तिथं फट आहे. आधी पिन-बुश बदलून दरवाजा वर घ्यायचा, लॉकचा खुंटा सारून दाब वाढवायचा, त्यानंतर रबराकडं बघायचं. आणि रबर मऊ राहावं म्हणून डिझेल, रॉकेल नाहीतर जळकं ऑईल लावायची जी पद्धत आहे ती सोडा, दरवाजाचं रबर तेलानं फुगतं आणि लिबलिबीत होऊन फाटतं. ग्लिसरीन लावा, नाहीतर सिलिकॉन ग्रीस मिळतं ते बोटभर पुष्कळ होतं.

समोरच्या काचेचं काम मात्र घरी करू नका, त्याला काचवालाच पाहिजे. जुन्या पिकअपमध्ये काच रबरात बसवलेली असती, नव्या गाड्यांत काच पत्र्याला पीयू (पॉलियुरेथेन) नावाच्या गोंदानं चिकटवलेली असती, दोन्हीची पद्धत वेगळी. रबराची काच काढली की खालची पत्र्याची कड बघायची, खरी गोम तिथं असती. कड गंजली की गंज फुगतो, लोखंडापेक्षा जागा जास्त घेतो, आणि रबराला आतून उचलतो. तसंच नवीन रबर बसवलं तर वर्षभरात परत तेच. ती कड घासून चकचकीत लोखंड काढायचं, प्रायमर, त्यावर रंग, पूर्ण वाळू द्यायचा आणि मग नवीन रबर. काचवाले रबराच्या खाचेत दोरी घालून साबणाच्या पाण्यानं काच बसवतात आणि आतून दोरी ओढत रबराची ओठी पत्र्यावर चढवतात, हे बघताना उभं राहा, कोपऱ्यात ओठी दुमडलेली राहिली तर तिथंच गळणार. जुनंच रबर चांगलं असंल तर रबराची ओठी हलकी उचलून आत न वाळणारं ब्युटाईल मॅस्टिक भरलं तरी चालतं.

सिलिकॉनवर माझा एवढा राग का ते सांगतो. दुकानात सगळ्यात स्वस्त जी ट्यूब मिळती, लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ती, वाळताना तिच्यातून आम्ल सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. म्हणजे गळती झाकली आणि त्याच्या खाली पत्रा खायला सुरुवात. वरून एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागी नंतर ना रंग बसतो ना चांगलं सीलंट चिकटतं, खरवडून काढलं तरी त्याची बुळबुळीत झिलई राहती. एमसील चांगली वस्तू आहे, पाईपाला टाकीला लावावी, पण पिकअपची केबिन खड्ड्यात सारखी पिळली जाती आणि एमसील दगडासारखं कडक होतं, मग सांध्यात बारीक चीर पडती आणि त्या चिरेतून पाणी आत जाऊन बसतं. पत्र्याच्या सांध्याला लवचिक राहणारं पीयू सीलंट पाहिजे, जे रंगाच्या दुकानात किंवा बॉडीवाल्याकडं मिळतं, आणि ते लावायच्या आधी जागा घासून, पुसून, पूर्ण कोरडी पाहिजे. ओल्या पत्र्यावर कुठलंच सीलंट धरत नाही. म्हणूनच हे काम मे महिन्याचं आहे, जुलैत दोन सरींच्या मधी घाईघाईनं उरकायचं नाही.

छतावर काय बघायचं तर कडेची पन्हाळपट्टी, तिच्यातल्या सांध्याचं जुनं सील उन्हानं तडकलेलं असतं. आणि आपण स्वतः पाडलेली भोकं. कॅरिअरचे बोल्ट, टपावरची लाईट, एरियल, देवाच्या नावाच्या बोर्डाचे स्क्रू, झेंड्याची नळी, प्रत्येक स्क्रूच्या खाली पाण्याला वाट आहे. काढून रबरी वॉशर आणि थोडं पीयू लावून परत आवळा, काम संपलं. मागच्या काचेकडंबी बघा, हौद्यावरची ताडपत्री केबिनच्या मागच्या बाजूला तिरकी बांधली की सगळं पाणी मागच्या काचेच्या रबरावर पडतं, दोरी जरा वेगळी ओढली की धार बाजूला जाती.

इंजिनकडून केबिनमध्ये वायरिंग आणि केबल येतात तिथं रबरी बूच असतं. टेप, जीपीएस, जास्तीची लाईट बसवणारे तेच बूच कापून नवीन वायर आत घुसवतात आणि उघडं सोडतात, मग पाणी वायरीवरूनच चालत आत येतं आणि सरळ फ्यूज बॉक्सला जाऊन मिळतं. वायर आत शिरायच्या आधी बाहेर थोडी खाली झोकात सोडली तर पाणी त्या झोकावरून खाली गळतं, हे प्रत्येक वायरमनला माहीत असतंय पण कुणी करत नाही. छोटा हत्तीवाल्यांनी सीटखालचं झाकण उघडून बघावं, त्यांचं इंजिन सीटखालीच असतंय, झाकणाचं रबर गेलं की रस्त्यावरचं पाणी चाकानं उडून खालून केबिनमध्ये येतं आणि तुम्ही वरच्या काचेला दोष देत बसता.

गळती थांबली म्हणजे काम झालं असं नाही. गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, फ्यूज बॉक्सचे आणि खालचे वायरींचे कपलिंग (जोड) उघडून बघा, तांब्यावर हिरवट काटा चढला असंल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून साफ करा. प्रदूषणाच्या नियमातल्या बऱ्याच बीएस-४ आणि २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इंजिन चालवणारा कॉम्प्युटर असतो, तो ओला झाला तर खर्च परवडत नाही. फोम पूर्ण वाळल्याशिवाय परत टाकू नका, कुजला असंल तर फेकून द्या आणि नुसती रबर मॅट ठेवा. खालचा पत्रा जिथं लाल झालाय तिथं घासून रेड ऑक्साईड आणि रंग, आणि भोक पडलंच असंल तर चांगला पत्रा वेल्डिंग, वरून डांबरी पट्टी चिकटवून झाकू नका, तिच्याखाली गंज अजून जोरात धावतो.

एक वेगळी गोष्ट, २०२५ च्या सप्टेंबरात सीना, सिंदफणा, मांजरा, गोदावरी सगळ्यांना पूर आला, ज्यांच्या गाड्या तेव्हा पाण्यात उभ्या राहिल्या त्यांनी इंजिन ऑईल बदललं, वायरिंग वाळवलं आणि गाडी चालू केली, पोटासाठी करावंच लागतं. पण पुराचा गाळ दरवाजाच्या पोटात आणि पायरीखालच्या पोकळ पत्र्यात अजून बसलेला असतो. वाळून टणक झालाय म्हणून जाणवत नाही, पाऊस आला की तोच गाळ ओला होऊन महिनाभर ओल धरणार आणि निचऱ्याची भोकं बंद ठेवणार. अशा गाड्यावाल्यांना हात जोडून सांगतो, पायरीखालचे रबरी बूच काढा, नळी लावून स्वच्छ पाणी खाली पडेपर्यंत धुवा आणि दोन दिवस बूच न लावता उन्हात ठेवा.

आता आपल्यामार्फत दोन विनंत्या करायच्यात. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावा लागतो, पासिंगच्या आधी जवळजवळ सगळेच डेंटिंग-पेंटिंग करून घेतात. पैसा खर्च होतोच आहे तर मालकांनी डेंटरला आधी नळीची परीक्षा करायला लावावी, काच काढायची असंल तर रंगाच्या आधी काढावी, सिलिकॉनवर रंग मारून चकाचक करू नये. आणि ड्रायव्हर ठेवणाऱ्या मालकांना विशेष सांगणं आहे, मालावर दरवर्षी नवी ताडपत्री घेता, ती घेतलीच पाहिजे, पण त्याच गाडीत वीस-बावीस वर्षांचं पोरगं रात्रभर ओल्या सीटवर बसून तुमचा माल पोचवायलंय, त्याच्या पायाखाली पाणी येतंय का हे एकदा स्वतः बसून बघा.

दुसरी विनंती बाजार समित्यांना. जालन्याला मोसंबीला, वसमतला हळदीला, लातूरला भुसाराला गाड्यांची रांग लागती, ड्रायव्हर तासन् तास नुसते बसून असतात, आणि आवारात पाणी आणि जागा दोन्ही असतंय. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड असतो. मे महिन्यात एखादा आठवडा त्या पोरांना आवारात बोलवून रांगेतल्या गाड्यांची नळीची परीक्षा करून दिली, जाळीचे निचरे आणि दरवाजाची भोकं मोकळी करून दिली, तर रांगेतला रिकामा वेळ कामी येतो आणि सामान म्हणून एक तार आणि एक नळी लागती. पोरांचा हात बसंल आणि गाडीवाल्याचा पावसाळा कोरडा जाईल. कुठल्या समितीनं मनावर घेतलं तर त्याची बातमी आपण जरूर छापावी, म्हणजे शेजारच्या तालुक्यालाबी करावंसं वाटंल.

आणि साहेब, हे पत्र छापणारच असाल तर मृगाच्या आधी छापा, रोहिणीत छापलं तर अजून चांगलं, लोकांच्या हातात कोरडे दिवस राहतील.

आपला नियमित वाचक,
एक पिकअपवाला
ता. केज, जि. बीड